गणपत गल्लीजवळचं जुन्या पुस्तकांचं दुकान: खटल्यांचे गठ्ठे घ्या, पण सोडवून बघून

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात खुनाच्या खटल्यांवरचा जुना छापील मजकूर हवा असेल, तर या दुकानासारखं दुसरं नाही. इथे माल खटल्यानुसार बांधलेला मिळतो, हेच त्याचं मोल.

पहिल्यांदा नानावटी खटल्याचा गठ्ठा मागा. 27 एप्रिल 1959 ला मुंबईत नौदलाच्या कमांडर नानावटींनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या आणि 25 पैशांचा ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचा अंक 2 रुपयांना खपू लागला. रस्त्यावर खेळण्यातली नानावटी पिस्तुलं आणि आहुजा टॉवेलही विकले गेले. ज्युरीने 8 विरुद्ध 1 मतांनी निर्दोष ठरवलं, उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, आणि साप्ताहिक शेवटपर्यंत नानावटींच्या बाजूने लढलं. आरोपीचा नायक कसा केला जातो, हे ओळीने वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून सुतळी सोडा, तारखा जुळवा. कात्रणं जमवणारे निकालाच्या आठवड्यांचे अंक आधी उचलतात. ते नसतील तर भाव पाडून मागा.

जोशी-अभ्यंकर खून प्रकरणाचा (पुणे, 1976-77) गठ्ठा जाड आहे, पण निम्म्या बातम्या त्याच त्या. 1983 च्या फाशीच्या वेळचे अंक तेवढे वेगळे काढून मागावेत.

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार, काळापहाडच्या कादंबऱ्या बहुतेक वाचनालयांतून आलेल्या. पिना गंजल्या की कागद तिथेच फाटतो आणि शेवटची पानं गळतात. खुनी कोण, ते नेमकं त्याच पानांवर! मुखपृष्ठ बघून भुलू नका, पृष्ठांक शेवटपर्यंत तपासा.

दुकानाची मोठी चूक साठवणुकीत आहे. गठ्ठे थेट फरशीवर असतात. इथल्या पावसाळ्यात ओल चढते, खालचे अंक एकमेकांना चिकटतात, कसर लागते. एवढा दुर्मीळ माल असा कुजताना बघवत नाही. खाली लाकडी फळ्या टाकल्या तरी पुष्कळ वाचेल. चिकटलेली पानं ओढू नका. अंक सावलीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यावर सुकू द्या, मग बोथट सुरीने सोडवा. उन्हात वर्तमानपत्री कागद पिवळा पडून तुटतो, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल आतच कोंडते.

इंग्रजी कप्पा छोटा, पण चुकवू नये. इंग्लंडात प्रेयसीच्या खुनासाठी 1828 मध्ये फाशी गेलेल्या विल्यम कॉर्डरच्या खटल्याची हकीकत त्यात सापडते. त्या हकीकतीची एक प्रत त्याच्याच कातडीत बांधून संग्रहालयात ठेवली आहे. ठगांच्या खुनांवर 1839 मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहून इंग्लंडात गाजलेला मेडोज टेलर पुढे आपल्याच कर्नाटकातल्या सुरपूरला अधिकारी होता. त्या कादंबरीच्या प्रती अधूनमधून येतात, तेव्हा दुकानदाराला आधीच सांगून ठेवा.