टर्मिनल वाढवायचं, पण पैसा कुणाचा?

जिल्ह्याच्या विमानतळाची बैठक म्हटली की पडद्यावर सगळ्यात आधी काचेच्या इमारतीचं चित्र येतं. पैसे कुठून येणार हा विषय चहा झाल्यावर निघतो, आणि तिथेही चर्चा ‘कोण देणार’ एवढ्यावरच थांबते. खरं तर इमारत पहिली चार-सहा वर्षं अर्धी रिकामी राहिली तर तोटा कुणी सोसायचा, हे आधी ठरवायला हवं. विमानतळाच्या समितीपुढे तुमचं मत जाणार असेल, तर खालचे चारही मार्ग याच एका प्रश्नावर तपासून बघा.

आधी थोडा हिशेब. समजा, टर्मिनलसाठी ३०० कोटींचं कर्ज काढलं आणि व्याज ९ टक्के. म्हणजे वर्षाला नुसतं व्याजच २७ कोटी. विमानतळावर ये-जा मिळून ५ लाख प्रवासी असतील तर निघणारे अडीच लाख. माणशी १,०८० रुपये झाले, तेही मुद्दल बाजूला ठेवून. हीच इमारत ४० लाख प्रवाशांच्या विमानतळावर असती तर माणशी १३५ रुपये पडले असते. तिकिटावर ‘यूडीएफ’ (विमानतळाच्या विकासासाठी प्रवाशाकडून घेतलं जाणारं शुल्क) अशी एक ओळ असते ना, हा भार शेवटी तिथे येऊन बसतो. अडीच हजारांच्या तिकिटावर हजाराची भर पडली की आपला माणूस रात्रीची स्लीपर बस धरतो.

म्हणून लहान विमानतळाला भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा पैसा सगळ्यात स्वस्त पडतो. प्राधिकरण स्वतःच्या कमाईतून बांधतं, आणि त्या कमाईचा मोठा भाग येतो दिल्ली-मुंबईच्या खासगी चालकांकडून. २००६ पासूनच्या करारांत दिल्लीच्या महसुलातला ४५.९९ टक्के आणि मुंबईच्या महसुलातला ३८.७ टक्के वाटा प्राधिकरणाचा ठरला. थोडक्यात, मुंबईतून उडणारा प्रवासी कोल्हापूरच्या इमारतीला हातभार लावतो. कोल्हापूर आणि पुणे, दोन्ही नव्या टर्मिनलांचं उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी एकाच कार्यक्रमात झालं. पुण्याचा खर्च सुमारे ४७५ कोटी. प्रवासी मात्र आत गेले १४ जुलैला. चार महिने कुलूप! कर्जाची इमारत असती तर त्या चार महिन्यांचंही व्याज चढलं असतं. या मार्गाची अडचण म्हणजे रांग. प्राधिकरणाकडे देशभरातून मागण्या असतात, आणि जमीन राज्याने मोकळी करून दिल्याशिवाय फाईल हलत नाही.

दुसरा मार्ग राज्य सरकारचा, म्हणजे महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीचा. शिर्डी हे त्याचं ठळक उदाहरण. २०१७ मध्ये लहान टर्मिनलवर सुरुवात केली, गर्दी जमली, आणि मग ऑक्टोबर २०२४ मध्ये ६४५ कोटींच्या नव्या टर्मिनलचं भूमिपूजन झालं. हा क्रम मला पटतो: आधी प्रवासी, मग भिंती. पण शिर्डीला साईबाबा आहेत. तुमच्या जिल्ह्याकडे वर्षभर माणसं खेचणारं तसं काही आहे का, हे प्रामाणिकपणे बघा. शिवाय सरकारी पैशाची चाल ठरलेली: प्रशासकीय मान्यता लगेच, निधी मात्र हप्त्याहप्त्याने.

खासगी भागीदारी कागदावर सगळ्यात देखणी दिसते. मोपा विमानतळ बांधणाऱ्या कंपनीने गोवा सरकारला महसुलातला ३६.९९ टक्के वाटा कबूल केला, कारण गोव्याला प्रवाशांची कमी नाही. सिंधुदुर्गातल्या चिपीचं तसं नाही. तेही खासगी पैशातून उभं राहून ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालं, आणि सव्वा वर्षात शेजारी मोपा उघडलं. लातूर, नांदेडसह पाच विमानतळ २००९ मध्ये एका खासगी उद्योगसमूहाला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर दिले होते. पुढे ते परत घेण्याच्या हालचाली सरकारलाच कराव्या लागल्या. नागपूरला प्रवासी भरपूर, तरी निविदेचा वाद कोर्टात गेला. २०२० मध्ये प्रक्रिया रद्द झाली, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, आणि शेवटची याचिका निकाली निघायला सप्टेंबर २०२४ उजाडला. खासगी चालक वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण तो गर्दीवर पैसा लावतो. गर्दी नसेल तर तो थांबतो, आणि करारामुळे तुम्हीही अडकता.

राहिला लोकांकडून भागभांडवल उभारण्याचा मार्ग. बैठकीत कुणीतरी कोचीचं नाव काढतोच. तिथे परदेशातल्या मल्याळी लोकांनी हजारोंच्या संख्येने पैसा घातला आणि १९९९ मध्ये विमानतळ सुरू झाला. पण त्याच केरळात, जवळपास त्याच धर्तीवर, डिसेंबर २०१८ मध्ये कन्नूर सुरू झाला. परदेशी विमान कंपन्यांना तिथे उतरायची परवानगी केंद्राने दिली नाही, आणि मोठी इमारत कर्जासह अंगावर राहिली. आपल्याकडे पतसंस्थांत पोळलेल्या ठेवीदारांना विमानतळाचे शेअर घ्या म्हणून सांगायला माझी तरी जीभ रेटणार नाही.

लहान शहरं विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेचं अनुदानही या चर्चेत मध्येच येतं. ते विमान कंपनीला मिळतं, मार्गापुरतं आणि ठराविक वर्षांपुरतं. त्यावर इमारतीचं कर्ज फेडायचं गणित कुणी मांडलं तर तो कागद बाजूला ठेवा.

माझं मत विचाराल तर वर्षाला १० लाख प्रवाशांखालच्या विमानतळाने प्राधिकरणाच्या रांगेतच उभं राहावं, जमीन राज्याकडून मिळवावी आणि इमारत टप्प्याटप्प्याने मागावी. धावपट्टी वाढवणं आणि रात्रीच्या उतरण्याची सोय बाकी असेल तर पहिला पैसा तिकडे. ३० लाखांच्या पुढे खासगी चालकाशी बोलायला हरकत नाही; तेव्हा बोली लावणारेही एकाहून जास्त असतात.

आणि बैठकीला जाण्याआधी विमानतळाकडून मागच्या वर्षीचं तासागणिक वेळापत्रक मागून घ्या. टर्मिनलचं माप वर्षाच्या आकड्यावर नाही, गर्दीच्या तासावर काढतात. १८० आसनांची दोन विमानं दुपारी दीडला एकदम आली की उतरणारे आणि चढणारे मिळून ७२० माणसं दालनात, सामानाचा एकच पट्टा, आणि साडेतीनला तिथे झाडू मारणाऱ्या मावशींशिवाय कुणी नाही. तुमच्याकडे असं चित्र असेल, तर त्यातलं एक विमान साडेतीनला सरकवायला काही कोटी लागत नाहीत.