गुन्ह्यावर लघुप्रबंध: मर्टन, सदरलँड की बेकर?

सोलापुरात एमए समाजशास्त्राला किंवा एमएसडब्ल्यूला गुन्हेगारी हा विषय घेतला, की गाईड आधी विचारतात, सिद्धांत कोणता?

बहुतेक जण अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनची 1938 ची मांडणी धरतात. पैसा-प्रतिष्ठेची आस समाज सगळ्यांनाच लावतो, पण तिथं पोचायच्या रीतसर वाटा थोड्यांनाच मिळतात; मग काही जण आडवाट धरतात. बंद गिरण्यांच्या या शहरात ते लगेच पटतं. पण त्याच तंगीत कित्येक घरं विड्या वळून, यंत्रमागावर पाळ्या करून तगली. एकाच घरातला एक भाऊ मागावर जातो आणि दुसरा मटक्याच्या चिठ्ठ्या घेतो, हे कसं, याचं उत्तर मर्टनकडे तोकडं आहे.

तिथं एडविन सदरलँड कामाला येतो. त्याच्या मते गुन्हा शिकला जातो, तोही जवळच्यांकडूनच: हातोटीही आणि ‘यात वाईट काय?’ हे समर्थनही. पांढरपेशा गुन्हेगारी ही कल्पना 1939 मध्ये त्यानंच मांडली. पतसंस्थेतला अपहार अभ्यासायचा तर मर्टन बाजूला ठेवा. तिथं हात मारणारा उपाशी नसतो.

ट्रॅव्हिस हर्शी (1969) उलटा प्रश्न करतो: बाकीचे गुन्हा का करत नाहीत? घर, शाळा, कामाशी असलेल्या बंधांमुळे. शाळकरी मुलांवर काम असेल तरच घ्या.

माझा कल मात्र हॉवर्ड बेकरकडे (1963). एखाद्यावर शिक्का कोण मारतं आणि मग त्याच्या आयुष्याचं काय होतं, हे तो विचारतो. सोलापूरइतकं याचं ढळढळीत उदाहरण क्वचितच सापडेल. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पुढं इथं पारधी, कैकाडी, टकारी कुटुंबं तारेच्या कुंपणात ठेवली, त्यांची हजेरी घेतली. 1952 मध्ये कायदा गेला, 1959 मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. वस्तीचं नाव आजही सेटलमेंट. तिथं मुलाखत घेताना दोन प्रश्न चुकवू नका: काम मागताना पत्ता काय सांगता? आणि शहरात चोरी झाली की पोलीस आधी कुणाच्या दारात येतात?

पहिली चोरी का झाली, हे बेकर सांगत नाही. तिथं सदरलँडची जोड द्या. आणि हाताशी फक्त पोलिसांचे आकडे असतील तर बेकर घेऊच नका, कारण त्याच्या दृष्टीनं ते आकडेच आधी तपासायला हवेत.