स्पीच थेरपिस्ट व्हायचं की विशेष शिक्षक?

‘मला न बोलणाऱ्या मुलांसोबत काम करायचंय’ म्हणत बारावी झालेल्या मुली माझ्या क्लिनिकमध्ये येतात. मी आधी विचारते, त्या मुलासोबत तुला आठवड्यातून दोनदा पाऊण तास बसायचंय की रोज सकाळपासून शाळा सुटेपर्यंत? रस्ते इथेच वेगळे होतात.

पहिला रस्ता बीएएसएलपीचा, म्हणजे स्पीच थेरपिस्ट होण्यासाठीच्या ‘बॅचलर इन ऑडिऑलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी’ या पदवीचा. बारावी विज्ञाननंतर 4 वर्षं, शेवटचं इंटर्नशिपचं. या पदवीच्या नावात ऑडिऑलॉजी, म्हणजे श्रवणशास्त्र, आधी येते, हे प्रवेशापूर्वी फार कमी जणींच्या लक्षात येतं. ध्वनिरोधक खोलीतली ऑडिओमेट्री (ऐकू किती येतं याची तपासणी), बेरा (आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो याची तपासणी), श्रवणयंत्रं हे सगळं जीव लावून शिकावं लागतं. शिवाय रुग्ण फक्त लहान मुलं नसतात. पक्षाघातानंतर बायकोचं नाव ओठांवर न येणारे आजोबा असतात, घास नीट गिळता न येणारे रुग्ण असतात. मला तर हेच काम जास्त आवडतं.

पुस्तकं सगळी इंग्रजी, काम मात्र मराठीत. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळा, ‘बाळ’चं ‘बाल’ होणारं मूल ळ म्हणायला जीभ कुठे नेतं, हे आपल्यालाच कान देऊन ऐकावं लागतं.

दुसरा रस्ता विशेष शिक्षणाचं बीएड, श्रवणदोष विषय घेऊन: पदवीनंतर 2 वर्षं. तीच मुलं वर्षभर, वाचन-लेखन-गणितासकट. मुलाची भाषा रोज थोडी थोडी वाढताना बघायची असेल तर हाच रस्ता घ्यावा.

दोन्हीकडे भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. कॉलेजच्या अभ्यासक्रमाला आरसीआयची मान्यता आहे का, ते फी भरण्याआधी स्वतः तपासा.

बीएएसएलपी पुण्यात भारती विद्यापीठात, धनकवडीला करता येतं. आवारातच रुग्णालय असल्यानं कान-नाक-घसा आणि मेंदूविकाराचे रुग्ण बघायला मिळतात. मुंबईत वांद्रे रिक्लेमेशनची अली यावर जंग संस्था केंद्र सरकारची, म्हणून फी कमी. पण तिथे राहण्याचा खर्च धरून मगच तुलना करा. घर पुण्यात असेल तर हिशेब वाटतो तितका एकतर्फी राहत नाही.

4 वर्षं शक्यच नसतील, तर बारावीनंतरची 1 वर्षाची डीएचएलएस, म्हणजे श्रवण, भाषा आणि वाचा या विषयांची पदविका आहे. ती घेऊन तज्ज्ञाच्या देखरेखीखाली सहायक म्हणून काम करता येतं, स्वतंत्र निदान करता येत नाही.