साल काढायची की ठेवायची? पेरू, सफरचंद, संत्रं आणि कोकम

बेळगावच्या बाजारात पाहुण्यांसाठी सफरचंद आणि पोरांसाठी पेरू, असा आपला जुना हिशेब. पण सालीसकट खायचं असेल तर मी बेधडक पेरू घेईन. 100 ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व साधारण 228 मिलिग्रॅम, सफरचंदात जेमतेम 5. शिवाय पेरूची साल पातळ. सोलायला गेलं की लगतचा चांगला गरही जातो.

सफरचंदाची साल टाकाऊ आहे असं नाही. त्यातलं क्वेर्सेटिन हे अँटिऑक्सिडंट (पेशींची झीज रोखायला मदत करणारं द्रव्य) बहुतेक सालीतच असतं, आणि सोललं की मध्यम सफरचंदातले तंतुमय पदार्थ सुमारे साडेचार ग्रॅमवरून दोनवर येतात. अडचण आहे ती वरच्या मेणाची आणि फवारणीची. लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम खायचा सोडा घालून पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग चोळून धुवा. वरवरचं औषध बरंचसं जातं, सालीत मुरलेलं राहतं. म्हणून आरशासारखं चकाकणारं सफरचंद मी लहान मुलांना सोलूनच देते.

संत्र्याची साल नको, पण आतल्या पांढऱ्या शिरा काढत बसू नका. हेस्पेरिडिन हे अँटिऑक्सिडंट तिथंच जास्त.

आपल्या भागात सालीचा खरा मान मात्र कोकमाचा. खानापूरच्या पुढे घाटाकडे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून बिया-गर वेगळा करतात आणि सालींना त्याच रसाचे पुट देत उन्हात वाळवतात. साल काळपट, चिवट झाली की आमसूल तयार. तिचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, शिवाय तिच्यात गार्सिनॉल हे अँटिऑक्सिडंट असतं. उष्णतेनं अँथोसायनिन कमी होत जातं, म्हणून आमटीत उकळलेल्या आमसुलापेक्षा पाण्यात भिजवून केलेली सोलकढी या बाबतीत सरस. मीठ लावलेलं आमसूल असेल तर रक्तदाबवाल्यांनी बेतानं.

डाळिंबाच्या सालीत प्युनिकॅलॅजिन हे अँटिऑक्सिडंट भरपूर, आणि तिची पूड आता सर्रास विकायला असते. ही मात्र रोजच्या खाण्यातली साल नव्हे. परीक्षानळीत अँटिऑक्सिडंटचा आकडा मोठा दिसला तरी पोटातून रक्तात त्यातलं थोडंच पोचतं, आणि वाळवलेल्या पुडीत फवारणीचा अंशही येऊ शकतो. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती पूड घेऊच नका; त्या पैशात पेरू आणा.