पहिली ड्रिफ्ट गाडी: एमएक्स-५ की ई३६?

जर्मनीत नोकरी करणारा भाचा अडलाय. बंद ट्रॅकवर ड्रिफ्टिंग, म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवत गाडी आडवी चालवणं, शिकायला जुनी माझदा एमएक्स-५ (छोटी, उघड्या टपाची) घ्यावी की बीएमडब्ल्यू ई३६ (थ्री सिरीजची नव्वदच्या दशकातली पिढी) मधली ३२८आय? इंजिनाची ताकद दोन्हींत मागच्या चाकांनाच जाते.

खरा फरक व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचा. पहिल्या पिढीच्या माझदाचा २,२६५ मिमी, बीएमडब्ल्यूचा २,७०० च्या आसपास. आखूड गाडी चटकन आडवी घसरते आणि तितक्याच चटकन गरगर फिरते. घसरण्याच्या दिशेने उलटं स्टिअरिंग द्यायला जरा उशीर झाला की संपलं. लांब गाडी सावकाश घसरते, चूक सावरू देते. नवशिक्याला नेमकं तेच हवं.

३२८आयचं सहा सिलिंडरचं इंजिन १९३ अश्वशक्तीचं. माझदाच्या सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनाची ११५ च्या आसपास, त्यामुळे कोरड्या डांबरावर चाकं घसरवायला क्लच आणि हँडब्रेकची सतत झटापट. तंत्र पक्कं होतं, हे मान्य.

खर्चात माझदा जिंकते: वजन टनभर, चाकं १४ इंची, टायर स्वस्त. ई३६ टायर खाते, शिवाय कूलिंगचे प्लॅस्टिकचे भाग जुने झाले की तडकतात. रेडिएटर आणि वॉटर पंप आधीच बदलावेत. माझदाला मात्र रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पोलादी कमान) हवाच. डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) ओपन, म्हणजे साधं असेल तर दोन्हींत लॉकिंगचं, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं बसवा, नाहीतर एकच चाक धूर काढत बसतं.

पैसे मोजके आणि ओला ट्रॅक मिळत असेल तर माझदा. कोरड्यावर लांब ड्रिफ्ट मारायचे, पुढे स्पर्धेत उतरायचं, तर ई३६. भाच्याला मी ई३६च सांगितली. सहा फुटी माणूस हेल्मेट घालून माझदात मावायचा नाही.