डेस्कटॉप: ब्रँडेड घ्यावा, दुकानात जोडून घ्यावा की स्वतः जोडावा?

काउंटरवर पहिला प्रश्न येतो, ‘बजेट किती?’ माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला हा: बटण दाबलं आणि मशीन सुरूच झालं नाही, तर बघणार कोण? कंपनीचा माणूस, दुकानदार की तुम्ही?

पैशाचं आधी उरकून टाकू. स्वतः जोडलं की भरपूर पैसे वाचतात, हा समज आता जुना झाला. सगळे भाग एकाच दुकानातून घेतले तर जोडणीची मजुरी किरकोळ असते, बरेचदा माफही होते. म्हणजे दुकानात जोडून घेणं आणि घरी जोडणं यांत किमतीचा फरक जवळजवळ नाहीच. ब्रँडेडशी तुलना करताना मात्र विंडोजचं लायसन्स विसरू नका. ब्रँडेड मशीनच्या किमतीत ते बहुधा धरलेलं असतं. दुकानदार ‘विंडोज टाकून देतो’ म्हणाला, की ते बिलावर येणार का, एवढंच विचारा. उत्तराआधीची शांतता पुरेशी बोलकी असते. लिनक्सवर काम भागत असेल तर प्रश्नच मिटला.

रॅमचं दुखणं वेगळं. २०२५ च्या अखेरीपासून तिचे भाव भडकलेत, कारण माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळलाय. रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. सुटे भाग घेणाऱ्याला ही झळ थेट बसते. त्यामुळे तीनही रस्त्यांची कोटेशनं एकाच दिवशी घ्या. महिन्याभरापूर्वीचा कागद धरून हिशेब केला तर फसाल.

ब्रँडेड

याची खरी किंमत ऑनसाइट वॉरंटीत आहे. फोन करायचा, माणूस घरी येतो. तालुक्याच्या गावी राहत असाल, जवळ धड दुकान नसेल, किंवा मशीन आई-बाबांसाठी असेल, तर मी दुसरं काही सुचवणार नाही.

अडचण तीन वर्षांनी कळते. यातल्या बऱ्याच मशीनमध्ये मदरबोर्ड (सगळे भाग जोडले जातात तो मुख्य बोर्ड) आणि एसएमपीएस (भागांना वीज पुरवणारा डबा) कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. पोरगं ग्राफिक्स कार्ड आणतं, कॅबिनेट उघडतं, तर एसएमपीएस जेमतेम दोनशे-अडीचशे वॉटचा आणि जोडायला वायरच नाही. बाजारातला दुसरा बसवावा, तर भोकं जुळत नाहीत. रॅम आणि एसएसडी वाढवता येते, त्यापुढे बहुधा भिंत.

दुकानात जोडून

यासाठीचे बाजार म्हणजे मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. सरावलेला मुलगा तासाभरात मशीन उभं करतो आणि पहिल्या दिवशी निघालेला खराब भाग तिथल्या तिथे बदलून मिळतो. ही सोय लहान समजू नका.

लक्ष ठेवायचं ते एसएमपीएसवर. गिऱ्हाईक प्रोसेसर विचारतं, रॅम विचारतं, एसएमपीएसचं नाव कोणी विचारत नाही. मग कोटेशनमध्ये ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ अशी एक ओळ येते. कॅबिनेटबरोबर येणारा तो डबा हलका असतो, अक्षरशः वजनाने. एसएमपीएस वेगळा, चांगल्या कंपनीचा, वॉट आणि मॉडेल लिहून घ्या. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर हवा, कारण वॉरंटी भागागणिक वेगळी. रिकामे खोकेही घरी आणा.

स्वतः

नवख्याला वाटतं, इथे इलेक्ट्रॉनिक्स यावं लागतं. सोल्डरिंग नाही, सर्किट नाही. एक चांगला फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, मोकळं टेबल आणि सुट्टीचा अख्खा दिवस लागतो. चुकतं ते बहुतेक वेळा खरेदीत. प्रोसेसरचं सॉकेट (बोर्डवरची त्याची बसायची जागा) आणि बोर्डचं सॉकेट एकच हवं. एएमडीच्या एएम४ सॉकेटला डीडीआर४ पिढीची रॅम, नव्या एएम५ ला फक्त डीडीआर५. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल, तर त्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड घेतलं नाही तर मॉनिटर काळाच राहणार. पहिल्या मशीनला म्हणून मला रायझन ५ ५६००जी सारखा, ग्राफिक्स पोटातच असलेला प्रोसेसर बरा वाटतो. कार्ड पुढे कधीही घेता येतं.

जोडताना एक गोष्ट जरूर करा: सगळं थेट कॅबिनेटमध्ये कोंबू नका. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, रॅम, एसएमपीएसच्या दोन वायरी (२४ पिनची मोठी आणि प्रोसेसरची ८ पिनची) आणि मॉनिटर, बस. बोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं, की पंखा फिरतो. डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. बोर्ड रॅमशी ओळख करून घेत असतो. तेवढ्यात घाबरून बटण बंद करू नका. रॅम बसवताना ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत दाबावं लागतं, आणि दाब नवख्याला पटणार नाही इतका लागतो. दोन पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा खाचा.

माझा घोळ जोडताना नाही, उघडताना झाला. वर्षभराने एएम४ मशीनचा कूलर साफ करायला काढला, तर दोघांच्या मधल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून हातात आला. चार पिना वाकल्या. पॉइंट फाइव्हच्या पेन्सिलीतली शिसं काढली आणि तिची पोकळ नळी एकेका पिनेवर बसवून, श्वास रोखून सरळ केल्या. मशीन अजून चालतंय. कूलर काढण्याआधी मशीन पंधरा मिनिटं चालवून पेस्ट गरम करायची आणि कूलर उचलण्याआधी हलकेच डावी-उजवीकडे फिरवायचा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एएम५ मध्ये आणि इंटेलकडे पिना सॉकेटमध्ये असतात, त्यामुळे तिथे जपायचा तो बोर्ड.

या रस्त्याची खोट अशी, की बिघाड कुठे आहे हे तुम्हालाच शोधावं लागतं. रॅम की बोर्ड? तपासायला घरी दुसरी रॅम नसते. भाग सापडला तरी तो सर्व्हिस सेंटरला नेणं, वाट पाहणं हेही तुमच्याच गळ्यात. सोमवारी ऑफिसचं काम किंवा मुलाची परीक्षा त्याच मशीनवर असेल, तर शिकण्याची हौस तिथे भागवू नका.

मग कोणी काय घ्यावं?

मशीन फक्त वापरायचं असेल तर ब्रँडेड. ग्राफिक्स कार्ड, एडिटिंग, पुढे वाढवणं डोक्यात असेल पण वेळ नसेल तर दुकान. स्वतः जोडणं त्याच्यासाठी, ज्याला घरी दुसरा लॅपटॉप आहे आणि चार दिवस मशीन अडलं तरी चालणार आहे.

हात थरथरत असतील तर ऑफिसातून निघालेला एखादा जुना डेस्कटॉप स्वस्तात घ्या, पूर्ण उघडा आणि परत जोडा. फक्त इंटेलच्या आठव्या पिढीआधीचा प्रोसेसर सहसा विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा त्यावर लिनक्सच टाका.

आणि नवे भाग आणणार असाल तर सुट्टीच्या आदल्या दिवशी नका आणू, दोन दिवस आधी आणा. रविवारी सकाळी एक स्क्रू कमी पडला, तर गल्लीतली बहुतेक दुकानं बंद असतात.