एटिमऑनलाइन: साइट उत्तम, पण नोंद वाचता आली पाहिजे

इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती फुकटात शोधायची तर पहिली पसंती 'ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी'लाच. डग्लस हार्पर यांनी उभा केलेला हा कोश, म्हणजेच एटिमऑनलाइन, शब्द टाकताच नोंद देतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

'नाइस' घ्या. शेजारी 'लेट १३सी' दिसतं. म्हणजे तेराव्या शतकाची अखेर, १३०० च्या आतली. बरेच जण इथेच शंभर वर्षं चुकतात. शिवाय हा शब्दाचा जन्मकाळ नव्हे, तो लेखी सापडल्याचा सर्वांत जुना काळ. पुढे 'फ्रॉम' धरून मागे जायचं: जुनी फ्रेंच, मग लॅटिन 'नेस्कियुस', म्हणजे अजाण. त्यात 'ने' म्हणजे न, 'स्कीरे' म्हणजे जाणणे. 'मूर्ख'पासून निघालेला अर्थ १७६९ ला 'छान'वर पोचतो. मधले टप्पे तिथेच सालवार वाचायला मिळतात, आणि या साइटचं खरं बळ तेच.

सगळ्यात मोठी चूक होते ती 'सोर्स ऑल्सो ऑफ', म्हणजे 'याच मुळातून पुढचे शब्दही आले', हे वाचताना. 'मदर'च्या नोंदीत त्यापुढे संस्कृत 'मातर्' येतो आणि लगेच 'मदर संस्कृतातून आला' असं ठोकून दिलं जातं. नाही! ती भावंडं आहेत. दोघांचा पूर्वज म्हणजे चांदणीचं चिन्ह लावलेला आदि-भारोपीय शब्द, म्हणजे संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांच्या सामायिक मूळ भाषेतला. चांदणी असलेलं रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नसतं, ध्वनिनियमांवरून जुळवलेलं असतं. 'ऑरेंज'ची गोष्ट वेगळी. तो खरोखर संस्कृत 'नारंग'पासून फारसी, अरबी, इटालियन, फ्रेंच असा उसना येत गेला. वाटेत सुरुवातीचा 'न' बहुधा आधीच्या 'उन'सारख्या आर्टिकलमध्ये मिसळून गळला.

नुसत्या साम्यावर तर मुळीच जाऊ नका. 'हॅव' आणि लॅटिन 'हाबेरे' दिसायला सारखे, अर्थही जवळचा, पण नातं नाही. इंग्रजी 'ह'च्या जागी लॅटिनमध्ये 'क' यायला हवा, जसं 'हॉर्न'ला 'कोर्नू'. म्हणून 'हॅव'चा नातलग 'कापेरे', म्हणजे पकडणे. नोंदीत हा इशारा स्पष्ट दिलेला आहे, ही फार मोलाची गोष्ट.

उणीव एक, पण मोठी: दिलेल्या सालाचा मूळ उतारा बहुतेक नोंदींत नसतो. साल पुराव्यासह हवं असेल तर ऑक्सफर्डचा मोठा कोशच उघडावा लागतो, आणि त्याला वर्गणी किंवा ग्रंथालयाचं सभासदत्व लागतं.